वोलेंडामचा फोटो, मार्कनचं चीट: आई-बाबांबरोबरचे पाच दिवस

दिवस पहिला

आई-बाबा पहिल्यांदाच इकडे नेदरलँड्सला आले, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ट्युलिप संपले होते, कोइकेनहोफची बाग बंद झालेली, त्यामुळे मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की फुलं नाही दिसणार हां. तर आई म्हणाली, "फुलं राहू देत गं, मला तो डच ड्रेस घालून फोटो काढायचाय, तेवढं कर."

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. आमच्या पुण्याच्या घरी हॉलमध्ये १९८१ सालचा एक फोटो आहे, काश्मीरचा. आई फिरन घालून, डोक्यावर ते सगळं झुंबरासारखं लटकणारं, हातात सुरई, आणि शेजारी बाबा फरची टोपी घालून एकदम ताठ उभे. त्या काळात काश्मीरला गेलेल्या प्रत्येकाच्या घरी हा फोटो असतोच. आईला मनापासून आवडतो तो. घरी नवीन कोणी आलं की चहाच्या आधी तो फोटो दाखवून होतो. तिला आता त्याच्या शेजारी दुसरा लावायचा होता.

शिपोल विमानतळावरून आम्स्टलवेनला घरी आलो, वरणभात खाल्ला आणि दोघं झोपून गेले. पहिला दिवस एवढाच.

इथे एक सांगून ठेवते. चार वर्षांपूर्वी माझे सासू-सासरे एका ग्रुप टूरबरोबर युरोपला आले होते, तेव्हा वोलेंडामला, म्हणजे हे ड्रेसमधले फोटो काढतात त्या कोळ्यांच्या गावाला, त्यांना सगळं मिळून पाऊण तास दिला होता. त्यात बसमधून उतरा, बाथरूम, फोटो स्टुडिओची लाइन, फोटो, पुन्हा बस. गाव बघितलंच नाही, मासे खाल्ले नाहीत, आणि तो ड्रेस नक्की कोणाचा हे कोणी सांगितलंच नाही. तेव्हाच ठरवलं होतं की माझे आई-बाबा येतील तेव्हा अख्खा दिवस द्यायचा.

दिवस दुसरा: झान्से स्कान्स

ॲमस्टरडॅम सेंट्रलवरून ट्रेनने वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. स्टेशनवर उतरलं की हवेत कोकोचा वास येतो, तिथे जवळच कोकोचे कारखाने आहेत, आणि माझ्या लेकाला (वय सहा) तेवढ्यानेच दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

पवनचक्क्या बघितल्या. बाबांना 'डी कॅट' नावाची चक्की सगळ्यात आवडली, ती रंग बनवणारी आहे, आत मोठमोठे दगड गोल फिरत खडू आणि रंगाची माती दळत असतात आणि सगळी लाकडी इमारत हलल्यासारखी वाटते. एकेकाळी या झान नदीच्या काठाने सहाशेच्या वर चक्क्या होत्या, कोणी तेल काढायचं, कोणी लाकूड कापायचं, कोणी कागद करायचं. वाऱ्यावर चालणारी एमआयडीसीच म्हणा ना!

पण आईचा जीव अडकला तो क्लॉम्पेनच्या वर्कशॉपमध्ये. क्लॉम्पेन म्हणजे ते लाकडी बूट. पॉप्लर नाहीतर विलोचं ओलं लाकूड घेतात, ओलंच लागतं, सुकलं की कापताना चिरतं. मशीनवर एका बाजूला तयार बूट लावलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचा ठोकळा, मशीन त्या बुटाच्या अंगावरून फिरतं आणि ठोकळा तसाच कापला जातो. किल्लीची डुप्लिकेट काढतात ना, अगदी तसंच. मग आतून कोरून काढतात. तो माणूस शेवटी ताज्या बुटात तोंड घालून जोरात फुंकतो आणि लाकडातून पाणी बाहेर येतं, टपटप टपटप. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. मग ते बूट बरेच दिवस वाळवत ठेवतात.

आई म्हणाली, "म्हणजे आधी चिखलासाठीच केलेत हे." बरोबर आहे. इथली जमीन दलदलीची, समुद्रसपाटीच्या खाली, चामडं कुजून जाईल, लाकूड टिकतं आणि पाय कोरडे राहतात. शेतकरी आणि बागकाम करणारे लोक अजूनही घालतात.

दिवस तिसरा: वोलेंडाम

सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूला वरच्या मजल्यावरून ३१६ नंबरची बस, अर्ध्या तासात वोलेंडाम. बसस्टॉपवरून गल्ल्यागल्ल्यांतून चालत गेलं की एकदम बांध लागतो, बांधावर चढलं की समोर बंदर, आणि बांधाच्या अलीकडची घरं पाण्यापेक्षा खाली. बाबा तिथे पाच मिनिटं नुसते उभे राहिले, एकदा पाण्याकडे बघायचे, एकदा घरांच्या छपरांकडे.

बंदराच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ एकापाठोपाठ एक आहेत. काचेत फोटोच फोटो लावलेले, त्यात आपले लोक भरपूर, हनिमूनवाले, पंचवीस जणांचे ग्रुप, टिकली लावलेल्या आज्या त्या टोकदार टोपीत. आई काचेसमोर थांबून प्रत्येक फोटो बघत होती.

आत गेलो. किती जण ते विचारलं, आमच्याकडे नुसतं वरून खाली बघितलं आणि साइज काढून दिले, मेजर टेप वगैरे काही नाही. आता आईबद्दल सांगायला हवं. आईने तीस वर्षं शिवणक्लास चालवला, अर्ध्या गल्लीतल्या मुलींना ब्लाउज आणि परकर-पोलकं तिने शिकवलं. कपडा हातात आला की ती तो आधी उलटा करते, आतले टाके बघते, मग बाकीचं.

इथेही तेच. तिला दिलेला काळा अंगरखा तिने उलटा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, याला पाठच नाही."

खरंच नव्हती! सगळं पुढून. अंगरखा, गळ्याशी फुलाफुलांचा चौकोनी तुकडा, पट्ट्यापट्ट्यांचा घागरा, वर ॲप्रन, हे सगळं पुढच्या बाजूने अंगावर चढवायचं आणि मागून नाड्या आणि वेलक्रो. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलमध्ये गाऊन देतात तसं. आपल्या कपड्यांवरूनच घालतात. आईने साडी आणि वर स्वेटर घातला होता. तिथल्या बाईंनी खुणेने विचारलं याचं काय करायचं, तर आईने कामाला लागताना खोचतात तसा पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या जरा वर घेतल्या, आणि घागरा बरोबर बसला.

मला वाटलं होतं की ती जरा नाराज होईल. पण नाही. ती म्हणाली, दिवसाला शेकडो माणसं, जाड-बारीक, उंच-बुटकी, सगळ्यांना एकाच मापात बसवायचं तर पाठ उघडी ठेवण्यावाचून दुसरा उपाय नाही, ज्याने कोणी हे डोकं लावलंय तो हुशार टेलर असणार.

मग टोपी. ही टोपी म्हणजे वोलेंडामची खरी ओळख, तिला 'हुल' म्हणतात. पांढरी लेसची, वर टोकदार, आणि कानाशी दोन्ही बाजूंना पंखासारखी वर वळलेली. आईने ती घालायच्या आधी दोन बोटांमध्ये धरून बघितली. "सिंथेटिक आहे," म्हणाली, "खरी सुती असणार आणि खळ दिलेली, त्याशिवाय हे पंख उभे राहायचे नाहीत." मी हे इंग्लिशमध्ये त्या बाईंना सांगितलं तर त्या एकदम खूश! म्हणाल्या, माझ्या आजीकडे रविवारची टोपी वेगळ्या डब्यात असायची, धुवून, खळ देऊन, आकार देऊन वाळवायची, लहान मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. लेसची हुल रविवारी चर्चला जाताना आणि सणाला. रोजच्या कामाला साधी टोपी. म्हणजे फोटोत सगळं जग जे घालतं ते त्या बायकांचं ठेवणीतलं आहे, आपल्या शालूसारखं.

गळ्यात लाल मण्यांची तीन पदरी माळ दिली, ती प्लॅस्टिकची. आई लगेच, "पोवळी!" खरी माळ पोवळ्यांचीच असते, भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्यांची, आणि ती अडकवायची सोन्याची कडी पुढे गळ्यावर दिसेल अशी घालतात. ज्या घरात सोनं-पोवळी तिथे चार पैसे आहेत हे माणसांना न सांगता कळायचं. आईला हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. फक्त मंगळसूत्र तिने माळेच्या वर काढून घेतलं आणि ते तसंच राहिलं.

बाबांना ढगळ काळी पँट, पुढे दोन मोठी चंदेरी बटणं, लाल पट्ट्यांचा शर्ट आणि गोल टोपी. ही बटणंसुद्धा पूर्वी चांदीच्या नाण्यांची करायचे. हातात पाइप दिला. लेकाला माशांची टोपली दिली आणि मला अ‍ॅकॉर्डियन. सगळ्यांच्या पायात क्लॉम्पेन, मापाला मोठेच, आत पाय नुसता सरकवायचा. मागे निळ्या टाइल्सची भिंत आणि चूल असलेली डच खोली. आईच्या हातात लाकडी ट्युलिप द्यायला लागले, तर ती म्हणाली नको, मला माशांची टोपली द्या. लेकाने ती काही सोडली नाही. शेवटी दोघांनी मिळून एकेक कडी धरली, फोटोत तसंच आलंय आणि मला वाटतं त्यामुळेच तो फोटो इतका चांगला झालाय.

पहिल्या फोटोत बाबांचे डोळे मिटले. दुसरा काढला. पंधरा मिनिटांत प्रिंट हातात, पुठ्ठ्याच्या कव्हरमध्ये. बाबांनी चष्मा पुसून तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "त्रेचाळीस वर्षांनी." एवढंच बोलले.

मग मासे. बंदरावर गरमागरम किबेलिंग, म्हणजे पीठ लावून तळलेले कॉडचे तुकडे, लेकाने एकट्याने एक प्लेट संपवली. पण वोलेंडामला येऊन खायचा मासा म्हणजे पालिंग, आपली वाम, लाकडाच्या धुरावर स्मोक केलेली. आई मूळची वेंगुर्ल्याची, तिला मासा म्हटला की तो कुठला, कधीचा, कसा केलाय हे सगळं लागतं. कातडी सोलून पहिला घास घेतला, म्हणाली तेल सुटतंय तोंडात, याला भाकरी पाहिजे होती. आम्ही पावाबरोबर खाल्ली. फार चविष्ट लागते, वोलेंडामला जाल तर चुकवू नका.

वाम अजून का आहे आणि बाकीचे मासे का नाहीत, हीच खरी या गावाची गोष्ट. समोर जे पाणी दिसतं ते आज गोडं आहे, मार्करमेर नावाचं तळं. पूर्वी इथे समुद्र होता, झाउडरझे, खाऱ्या पाण्याची खाडीच. १९१६च्या जानेवारीत वादळात बांध फुटले, खूप नुकसान झालं, आणि मग सरकारने ठरवलं की ही खाडीच बंद करायची. लेली नावाच्या इंजिनीअरची योजना होती. बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घातला, आफ्स्लाउटडाइक, तो १९३२ साली पूर्ण झाला. पूर थांबले, नवीन जमीन मिळाली, पण पाणी हळूहळू गोडं झालं आणि हेरिंग, अँचोव्ही हे खाऱ्या पाण्यातले मासे गेले. ज्या गावाचं सगळं जगणं त्या माशांवर, त्या गावाने काय करायचं? वामेवर काही दिवस काढले, काही लोक बाहेर समुद्रावर गेले, आणि उरलं टुरिझम.

टुरिझमची सुरुवात मात्र त्याच्याही आधीची आहे. बंदरावरच स्पांडर नावाचं जुनं हॉटेल आहे, १८८१ साली सुरू झालेलं. तिथे देशोदेशीचे चित्रकार येऊन राहायचे आणि या कोळणींची, त्यांच्या टोप्यांची चित्रं काढायचे. भिंती अजून चित्रांनी भरलेल्या आहेत, आम्ही आत जाऊन कॉफी घेतली तेव्हा बघितल्या. ती चित्रं, मग पोस्टकार्डं, मग जाहिराती, असं करत करत एका कोळीवाड्याचा रविवारचा पोशाख अख्ख्या देशाचा 'डच ड्रेस' होऊन बसला. खरं तर प्रत्येक गावाचा वेगळा, झेलंडचा वेगळा, स्टापहोर्स्टचा वेगळा, स्पाकेनबुर्गचा वेगळा. वरळीच्या कोळणीचा फोटो दाखवून हाच महाराष्ट्राचा ड्रेस असं म्हणण्यासारखं आहे ते. विदर्भातली आजी ऐकून घेईल का?

निघायच्या आधी वोलेंडामच्या म्युझियममध्ये गेलो. तिथे एक खोली आहे जिच्या भिंती सिगारच्या कागदी पट्ट्यांनी मढवलेल्या आहेत, एक कोटी दहा लाख पट्ट्या, बाबा तिथून हलेनात. आई मात्र पुतळ्यांपाशी. खरा पोशाख, सात रंगांच्या पट्ट्यांचा लोकरीचा घागरा. ती पुतळ्याच्या मागे डोकवायला वाकली, मान तिरकी करून बघत राहिली आणि मला हाक मारली, "ये इकडे, पाठ बघ." कमरेशी मागच्या बाजूला बारीक बारीक घट्ट चुण्या, एकीला एक चिकटून, हाताने घातलेल्या. आईने बोटाने हवेतच मोजल्या. एका इंचात किती ते मला सांगितलंही, मी विसरले.

दिवस चौथा: मार्कन

वोलेंडामवरून बोटीने अर्ध्या तासात मार्कनला जाता येतं, पण वारा फार होता म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी बसने गेलो. मार्कन हे बेट होतं. १९५७ साली रस्ता झाला, तोपर्यंत येणं-जाणं बोटीनेच. बसच्या दोन्ही बाजूंना पाणी. घरं लाकडाची, काळी आणि हिरवी, उंचवट्यांवर दाटीवाटीने, काही खांबांवर, कारण समुद्र सरळ घरात यायचा. १९१६च्या त्या पुरात या एवढ्याशा गावातली सोळा माणसं गेली.

वोलेंडाम समोर दिसतं, इतकं जवळ. पण तिकडे कॅथलिक, इकडे प्रोटेस्टंट, आणि कपड्यात कणभर सारखेपणा नाही. टोकदार टोपी नाही, बाह्या पट्ट्यापट्ट्यांच्या, अंगावर थरांवर थर. लहान मुलगेसुद्धा पूर्वी मुलींसारखेच झगे घालायचे हे ऐकून माझा लेक गंभीर झाला आणि म्हणाला की मी काल पँट घातली होती ते बरं झालं.

इथलं म्युझियम जुन्या स्मोकहाउसच्या छोट्या घरांमध्ये आहे. काउंटरवर एक वयस्कर बाई होत्या, वॉलंटियर. आई एका पोशाखासमोर थांबली. छातीवर फुलांचं कापड, लाल फुलं, वेली, जरा विटलेली.

"हे चिटाचं कापड आहे," आई म्हणाली.

मी म्हटलं नसेल गं. त्या बाईंना विचारलं की याला काय म्हणतात. त्या म्हणाल्या, "सिट्स."

मी आईकडे बघितलं, आई माझ्याकडे. चीट, सिट्स! इंग्लिशमधलं चिंट्झही तेच. आणि कापड आपल्याकडचंच, कोरोमंडल किनाऱ्यावरचं, आत्ताच्या आंध्र-तामिळनाडूतलं. वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, कंपनीची जहाजं, कंपनी १६०२ साली स्थापन झालेली, मिऱ्या-लवंगांबरोबर हे हाताने रंगवलेलं सुती कापडही न्यायची. युरोपात तेव्हा असं कापड कोणाला करता यायचं नाही, धुतलं की रंग जायचा, आपल्या लोकांना तुरटी आणि मुळांचा लाल रंग कापडावर कायमचा बसवायची विद्या होती. त्यामुळे हे चीट इथे जपून ठेवायचे, आईकडून मुलीकडे जायचं. नंतर इथेच छापील नक्कल व्हायला लागली.

आईने मग त्या बाईंना सांगायला लावलं की माझ्या माहेरच्या गावी वेंगुर्ल्याला तुमच्या लोकांची वखार आहे. खरंच आहे, सतराव्या शतकातली डच वखार, आता भिंती उरल्यात, झाडं वाढलीत. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून रसद जायची. आई लहानपणी तिथून शाळेत जायची. त्या बाईंना वेंगुर्ला माहीत नव्हतं, मी फोनवर नकाशा काढून दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, मग स्वतः उठल्या, मागच्या कपाटातून एक कापडाचा तुकडा आणला आणि आईच्या हातात दिला. निळ्या-पांढऱ्या चौकडीचा. ईस्ट इंडियाचं चौकडी कापड म्हणतात त्याला इथे, तेही मूळ आपल्याकडून येणारं. आईने तो तुकडा आधी उलटा करून बघितला. त्या बाई हसल्या, म्हणाल्या मीही तेच करते.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नंतर अर्धा तास माझी काही गरज पडली नाही. टाका दाखवायचा, मान हलवायची, पुढचा टाका. बाबा आणि लेक तोपर्यंत दीपगृह लांबून बघून परत आले.

दिवस पाचवा: घरी

पाऊस. कुठे जायचं नव्हतं. सकाळी उठून बघते तर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलेलं, आम्हाला फुकट येतं ते स्थानिक, आणि आई त्यावर स्केचपेनने ड्राफ्टिंग करतेय, क्लासमध्ये करायची तसं. लेकाची छाती, लेकाची कंबर, उंची, बाजूला मापं लिहिलेली. समोर वोलेंडामचा फोटो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

मी विचारलं, "काय करतेस?"

"याचा तो मासेवाल्याचा ड्रेस शिवतेय. शाळेत घालेल. आणि तुला घागरा. पुढचा भाग फोटोवरून निघाला, मागच्या चुण्या मी परवा बघून ठेवल्यात." मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "पाठ लावूनच शिवणार हां मी. आणि इकडे खळ कुठे मिळते गं? नाहीतर भाताची पेज काढून ठेव, आजची टोपीला होईल."